फुफ्फुसाची लोड टेस्ट

मशीन्स लॅबमध्ये आपण मोटारची आधी नो-लोड टेस्ट घेतो, मग लोड टेस्ट. नुसती फिरणारी मोटार लोड आल्यावर काय करेल, हे पहिल्या टेस्टवरून कळत नाही. माणसाच्या फुफ्फुसाचंही तसंच आहे. स्पायरोमीटरमध्ये जोरात फुंकलं की श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत ते कळतं, पण पेशंट तेव्हा खुर्चीवर बसलेला असतो. तो बाजारापर्यंत चालत जाऊ शकेल का? चालताना हृदय, पायांचे स्नायू आणि मनातली भीती, सगळंच कामाला लागतं. म्हणून स्पायरोमीटरवर सारखेच आकडे आलेले दोन पेशंट चालताना अगदी वेगळे निघू शकतात.

माझं आजोळ नेवाशाचं. तिकडे कोणी "दम लागतो" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं आता!" माझ्या आजीलाही हेच ऐकावं लागलं. तिने कधी विडी ओढली नाही, मग फुफ्फुसाचा आजार कुठून येणार, असा घरच्यांचा हिशोब. पण तिची सगळी हयात चुलीपुढे भाकरी थापण्यात गेली, ते कोणी धरलंच नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आता लोड टेस्टकडे येऊ. १९६८ मध्ये अमेरिकेच्या डॉ. केनेथ कूपर यांनी हवाई दलातल्या लोकांसाठी बारा मिनिटं पळण्याची टेस्ट काढली. १९७६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी तीच फुफ्फुसाच्या पेशंटसाठी 'बारा मिनिटं चालणे' अशी केली. दम लागणाऱ्याला बारा मिनिटंही जड जातात. १९८२ मध्ये सहा मिनिटंही पुरतात असं दिसलं, आणि २००२ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तिचे नियम ठरवून दिले.

सामान काय लागतं? ३० मीटरचा सपाट व्हरांडा, दोन कोन, स्टॉपवॉच आणि ऑक्सिजन मोजणारं बोटाचं यंत्र. पेशंटने सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. थांबलं तरी चालतं, पण घड्याळ थांबवायचं नाही. एक पूर्ण फेरी म्हणजे ६० मीटर. समजा पाच फेऱ्या आणि वर १८ मीटर झाले, तर उत्तर ३१८ मीटर.

सोपं वाटतं ना? पण खरी गंमत स्टँडर्डायझेशनमध्ये आहे. व्हरांडा आखूड असला की वळणं वाढतात आणि अंतर घटतं. सारखं "चला, चला" म्हटलं की अंतर वाढतं, म्हणून दर मिनिटाला काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. दुसऱ्या वेळेला पेशंट सवयीने जास्त चालतो, म्हणून दोनदा घेऊन मोठा आकडा धरतात. औषध किंवा व्यायामानंतर अंतर साधारण ३० मीटरने वाढलं, तर तो फरक खरा मानतात.

दुसरी शटल टेस्ट, १९९२ ची. यात १० मीटरचा ट्रॅक आणि बीपचा आवाज. पहिल्या मिनिटाला ३ खेपा, मग दर मिनिटाला एक खेप जास्त, अशा १२ पायऱ्या. बेरीज करून बघा, १०२ खेपा म्हणजे १०२० मीटर! इथे वेग बीप ठरवते, पेशंटची मर्जी नाही.

एक सूचना. हे वाचून हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये कोणा आजारी माणसाला चालवू नका. नुकताच हार्ट अटॅक आलेल्याला ही टेस्ट देत नाहीत, आणि ऑक्सिजन फार उतरला तर ती मध्येच थांबवावी लागते. हे काम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचंच.

आपलं काम वेगळं आहे. सुट्टीत घरी गेलात की बघा, पूर्वी न थांबता देवळापर्यंत जाणारं कोण आता वाटेत दोनदा टेकतं? त्यांना "वय झालं" म्हणून गप्प बसवू नका. डॉक्टरांकडे न्या, चुलीचं आवर्जून सांगा, आणि स्पायरोमीटरबरोबर चालण्याच्या टेस्टचंही विचारा. दम हा मोजता येतो, आणि मोजला तरच औषधाने, व्यायामाने फरक पडतोय का ते कळतं.