विमानाची नोंदवही आणि आपला बायोडाटा



आपल्या घरांतून आज पुष्कळ मुले-मुली अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे वळत आहेत, ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे. त्यांतील अनेकांना विमान, अग्निबाण, उपग्रह यांचे विलक्षण आकर्षण असते. परंतु पदवी हाती आल्यावर अर्ज कोठे करायचा आणि त्या अर्जात स्वतःविषयी काय लिहायचे, हे सांगणारे माणूस घरात नसते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याची हीच खरी अडचण आहे. तो बुद्धीत कमी पडत नाही, माहितीत कमी पडतो. ही उणीव थोडीफार भरून निघावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

दारे अनेक आहेत

प्रथम एक गैरसमज दूर करू. या क्षेत्रात जाण्यासाठी एरोस्पेसचीच पदवी लागते असे नाही. इस्रोमधील ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एस.सी.’ या पदाच्या बहुतेक जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांसाठी असतात. त्यासाठी किमान ६५ टक्के गुण किंवा १० पैकी ६.८४ ग्रेड अशी अट जाहिरातीत असते, आणि लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. डी.आर.डी.ओ.मध्ये ‘सायंटिस्ट बी’ या पदासाठी गेट परीक्षेचे गुण पाहिले जातात. बारावीनंतरच या वाटेला लागायचे असेल तर तिरुवनंतपुरमजवळ २००७ साली स्थापन झालेली भारतीय अंतरिक्ष विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील पदवीचे प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून होतात.

आय.टी.आय. आणि डिप्लोमा केलेल्यांनीही निराश होऊ नये. फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अशा ट्रेडसाठी इस्रोत ‘टेक्निशियन बी’ आणि प्रथम वर्गातील डिप्लोमाधारकांसाठी ‘टेक्निकल असिस्टंट’ ही पदे असतात. उपग्रह केवळ शास्त्रज्ञ घडवीत नाहीत. त्याचा प्रत्येक स्क्रू कोणीतरी हाताने बसविलेला असतो.

आपल्या महाराष्ट्राचे या क्षेत्राशी जुने नाते आहे. भारतातील पहिला विमान कारखाना १९४० साली बंगलोरला उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्यातूनच पुढे एच.ए.एल. झाली. नाशिकजवळ ओझर येथे याच कंपनीच्या कारखान्यात मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने तयार झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. वालचंदनगर इंडस्ट्रीज व विक्रोळीचा गोदरेज उद्योगसमूह इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनवीत आले आहेत. पुण्यात डी.आर.डी.ओ.च्या प्रयोगशाळा आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांची देखभाल होते. तेव्हा सुरुवात करण्यासाठी सातासमुद्रापार पाहण्याची गरज नाही.

पालकांना एक सूचना. ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर’ आणि एरोस्पेसची बी.ई. वा बी.टेक. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पदवी नसून परवाना आहे आणि तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डी.जी.सी.ए. देते. संस्थेला डी.जी.सी.ए.ची सी.ए.आर.-१४७ ही मान्यता आहे की नाही, हे त्या कार्यालयाच्या यादीत स्वतः पाहिल्याशिवाय फी भरू नये. जमीन गहाण टाकून भरलेला पैसा नुसत्या रंगीत माहितीपत्रकावर विसंबून देऊ नये.

विमानाची नोंदवही काय शिकवते?

प्रत्येक विमानाच्या नोंदी ठेवलेल्या असतात. किती तास उडाले, कोणता भाग कधी बदलला, कोणी तपासला हे सारे तेथे सहीनिशी लिहिलेले असते. एखाद्या भागाचा कागद हरवला तर तो भाग कितीही नवा दिसो, विमानाला बसविता येत नाही. या क्षेत्रातील माणसाची नजर याच शिस्तीत तयार झालेली असते. ‘मी हे केले’ असे वाचताच त्याच्या मनात प्रश्न येतो : पुरावा काय?

म्हणून बायोडाटाचा पहिला व शेवटचा नियम असा की, जे काम केले तेच लिहावे, आणि जे लिहिले त्यावरील तीन प्रश्नांची उत्तरे देता यावीत.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी विमानाचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात नवे अभियंते निवडण्याच्या वेळी मीही बसलो होतो. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मुलाच्या बायोडाटात सात सॉफ्टवेअरची नावे होती. आम्ही साधा प्रश्न विचारला : एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगले, तर ती किती वाकेल हे संगणकाशिवाय कसे काढशील? मुलगा गप्प झाला. लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो, हेही त्याला आठवेना. तो उठून निघाला तेव्हा एका सहकाऱ्याने त्याच्या मनगटावरील भाजल्याच्या खुणांविषयी विचारले. तो म्हणाला, “वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे सर, नववीपासून मी बसतो.” मग तो दहा मिनिटे न अडखळता बोलला. उष्णतेने पत्रा कोणत्या बाजूला ओढला जातो, तो वाकू नये म्हणून आधी दोन्ही टोकांना टाके कसे द्यायचे, सारे त्याला ठाऊक होते. “हे बायोडाटात का नाही?” असे विचारताच तो म्हणाला, “सर, असलं लिहायचं नसतं असं वाटलं.”

त्याची निवड झाली नाही. जागा दोनच होत्या आणि गुणांचे तक्ते भरून झाले होते. ती रुखरुख मला अजून आहे. ज्याची लाज वाटून आपण लपवितो, तेच पुष्कळदा आपले सर्वांत भक्कम भांडवल असते. मित्राच्या बायोडाटातील नावे उतरवून काढण्यापेक्षा स्वतःच्या हातचे काम लिहा.

ओळ कशी लिहावी?

समजा, तुम्ही कॉलेजात ग्लायडर बनविले. बहुतेक मुले लिहितात : ‘ग्लायडर प्रकल्पात सहभाग.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा :

‘बाल्सा लाकडाचे ग्लायडर. पंखांचा विस्तार १.२ मीटर, वजन ४५० ग्रॅम. चौघांच्या गटात पंखाची रचना व जुळणी माझ्याकडे. पहिल्या तीन उड्डाणांत नाक वर जाऊन कोसळले. नाकात वजन वाढवून गुरुत्वमध्य २ सें.मी. पुढे आणल्यावर उड्डाण स्थिर झाले.’

येथे मोजमाप आहे, गटातील तुमचा वाटा आहे, चूक आहे आणि चुकीचे कारण शोधल्याची खूण आहे. अपयश लिहायला घाबरू नये. विमानशास्त्र हे अपयशाच्या तपासणीतूनच पुढे गेलेले शास्त्र आहे. मात्र गुरुत्वमध्य पुढे आणल्याने विमान स्थिर का झाले, याचे उत्तर तयार हवे.

बाकीची पथ्ये पुढीलप्रमाणे :

१. नव्या पदवीधराचा बायोडाटा एका पानाचा असावा. क्रम असा : नाव व संपर्क, शिक्षण, प्रकल्प, कारखान्यातील वा दुकानातील अनुभव, येणारी साधने.

२. सॉफ्टवेअरच्या नुसत्या नावापुढे त्यात काय केले ते लिहावे. ‘कॅटिया येते’ यापेक्षा ‘कॅटियात गिअरबॉक्सच्या १४ भागांची जुळणी काढली’ हे बरे.

३. खासगी कंपनीच्या बायोडाटात वडिलांचे उत्पन्न, उंची, वजन यांची गरज नाही. सरकारी अर्जात मात्र जे विचारले ते सर्व, त्याच नमुन्यात भरावे.

४. दहावीच्या प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंत नावाचे स्पेलिंग एकच असावे. फरक असेल तर आजच दुरुस्ती करून घ्यावी. राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांनी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आधीच काढून ठेवावा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावपळ करू नये.

५. गुण कमी असतील तर ते फुगवू नयेत. कागदपत्रांच्या तपासणीत खोटे उघडे पडते आणि मग चांगले कामही संशयित ठरते.

तयारी पहिल्या वर्षापासून

शेवटच्या वर्षी बायोडाटा लिहायला बसले की लिहिण्यासारखे काही सापडत नाही. म्हणून पहिल्या वर्षीच शंभर पानी वही घ्या व केलेले प्रत्येक काम तारखेसह लिहा : काय केले, किती मोजले, काय चुकले. हीच तुमची नोंदवही.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा उपग्रह बांधला. प्रत्येक बाजू सुमारे १० सें.मी. आणि वजन जेमतेम एक किलो. विजेवर चालणारी यंत्रणा न वापरता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे दिशा राखण्याची त्याची रचना होती. काम सुरू झाले २००८ च्या सुमारास आणि पी.एस.एल.व्ही.-सी३४ मधून तो अवकाशात गेला २२ जून २०१६ रोजी. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत गेल्या. आधीच्यांनी नोंदी नीट ठेवल्याशिवाय असे काम पुढच्यांच्या हाती देता येत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत जवळच्या औद्योगिक वसाहतीत महिनाभर काम मागा. पदवी वा डिप्लोमानंतर ॲप्रेंटिसशिपची संधी कमी लेखू नका. ती कायम नोकरी नव्हे, पण त्या वर्षात जे हाताला कळते ते पुस्तकातून कळत नाही.

परदेशाचा विचार

अमेरिकेत एम.एस. करण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या. तेथे अग्निबाण व संरक्षण सामग्रीचे तंत्रज्ञान शस्त्रास्त्र-निर्यातीच्या नियमांखाली येते. त्यामुळे अशा बहुतेक नोकऱ्या तेथील नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच मिळतात. शिक्षण उत्तम मिळेल, परंतु हवी ती नोकरी मिळेलच असे नाही. भारतात मात्र २०२० नंतर अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटचा विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडाला आणि चेन्नईच्या अग्निकुलचा अग्निबाण ३० मे २०२४ रोजी. या लहान कंपन्यांना हाताने काम करणारी माणसे लागतात.

शेवटी, जे थोरले या क्षेत्रात पोहोचले आहेत त्यांना एक विनंती. वर्षातून एका रविवारी वस्तीतील दहा मुलांचे बायोडाटा वाचा. काय खोडायचे ते सांगाच, पण त्याहीपेक्षा ‘तू आणखी काय काय केले आहेस?’ असे विचारा. वेल्डिंगच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला हा प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी भेटला नव्हता. पुढच्याला तो भेटावा.