पोटच्या पोराला हे विचारायचे कसे?



२०१० च्या जानेवारीत मुंबई आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. तेव्हा 'थ्री इडियट्स' चित्रपटालाही दोष देऊन झाला. पुढे विषय मागे पडला, प्रश्न मात्र तसाच राहिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच. इतर कोणत्याही राज्यात हा आकडा एवढा नव्हता.

परीक्षा हे एक कारण आहेच. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पण ज्याला नैराश्य आले आहे, त्याला चांगले गुण मिळूनही बरे वाटत नाही. नैराश्य हा आजार आहे. या वयात ते रडण्यातून दिसेलच असे नाही, पुष्कळदा चिडचिडीतून दिसते. झोप बिघडते, जेवणावरची वासना उडते, मित्र तुटतात. आवडती वस्तू कुणाला तरी देऊन टाकली जाते. 'मी नसलो तर तुमचा त्रास तरी वाचेल' असे वाक्य सहज बोलल्यासारखे येते. ते सहज नसते. दोन आठवडे असे चालले, तर 'वयच तसलं आहे' म्हणून सोडून देऊ नये. आणि असे वाक्य कानावर आले, तर एक दिवसही थांबू नये.

मग काय करावे? सरळ विचारावे. 'बाळा, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' हे शब्द आईबापांच्या तोंडून फुटत नाहीत, हे आम्ही जाणतो. विचारले तर नसता विचार डोक्यात भरेल, अशी भीती वाटते. अभ्यासकांना मात्र तसे आढळलेले नाही. उलट विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. विचारल्यावर गप्प बसून ऐकावे. शेजारच्या मुलाशी तुलना नको आणि त्या घटकेला उपदेशही नको, अगदी धर्मोपदेशसुद्धा.

एलिया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो (१ राजे १९). देवदूत त्याला बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो, निजू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. परमेश्वराशी बोलणे होते ते नंतर, लांबचा प्रवास झाल्यावर.

आमच्या मते मुरगूड परिसरात याहून तातडीचे काम कुलपाचे आहे. ऊस-भाताच्या या भागात तणनाशक नाही तर कीटकनाशक गोठ्यात किंवा माळ्यावर कुणाच्याही हाताला लागेल असे पडलेले असते. मरणाची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात विष हाताशी नसले, तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतर तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. औषध पेटीत ठेवून कुलूप लावा, किल्ली आपल्यापाशी ठेवा. गरजेपुरतेच आणा. घरातल्या गोळ्यांचेही तेच.

डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा फोन अहोरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते. मूल एकटे राहू शकत नाही असे वाटले, तर त्याच्यापाशी थांबा आणि तडक कोल्हापूरला सीपीआर रुग्णालय गाठा. पोलीस केस होईल या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असेच धरले जाते.

ज्या घरात असे घडून गेले आहे, तिथे लोक आजही दबक्या आवाजात विचारतात, 'फादर, त्याची मिस्सा चालते का?' चालते. १९१७ च्या धर्मविधीसंहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत ती मनाई उरली नाही. मनाच्या तीव्र पीडेत माणसाची जबाबदारी कमी होते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ज्याला एकच दार दिसते, त्याने निवड केली असे कसे म्हणावे? तेव्हा त्या घरी जा, नेहमीसारखे बसा, गेलेल्याचे नाव घ्या. त्याची भावंडे आणि वर्गमित्र यांच्याकडे पुढचे अनेक महिने लक्ष ठेवा. तोच प्रश्न त्यांनाही विचारायचा आहे.