उपवासाचे चाळीस दिवस
पालघर जिल्ह्यातील वसई येथे ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला. त्याच्या स्मरणार्थ तेथील कॅथलिक लोक ईस्टरपूर्वी उपवासकाळ पाळतात. आरंभी, राखेच्या बुधवारी, धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात. ही राख कसली? गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी हाती धरलेल्या झावळ्यांची! त्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात; परंतु मधले ६ रविवार आनंदाचे, म्हणून ते उपवासात धरीत नाहीत. शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मासळी मात्र चालते, हे समुद्राकाठच्या लोकांच्या सोयीचेच! मुलांना कडक उपवासाचे बंधन नाही. तरीही पुष्कळ मुले खाऊचे पैसे राखून ठेवतात आणि गरिबांसाठी दानपेटीत टाकतात.