पान कधी तोडले, हे आधी विचारा

भाताची कोणती जनुके पाण्याच्या ताणाला मिळून उत्तर देतात, हे शोधण्यासाठी आम्ही निरनिराळ्या प्रयोगशाळांचे जनुक-अभिव्यक्तीचे डेटासंच जोडले. एका संचात नमुने मोजकेच असतात. अनेक संच जोडले आणि काही जनुके सगळीकडे एकाच तालात वर-खाली होताना दिसली, तर ती एकाच कामात गुंतलेली असावीत, असा अंदाज बांधता येतो. तसा एक गट आम्हाला ठसठशीत दिसला. त्या गटात एलएचवाय होते. हे वनस्पतीच्या जैविक घड्याळातले जनुक, पहाटेच्या सुमारास त्याची पातळी सर्वाधिक असते. नोंदी उघडल्यावर उलगडा झाला. ताण दिलेल्या रोपांची बहुतेक पाने सकाळी तोडलेली होती, पाणी दिलेल्यांची दुपारनंतर. आकड्यांत दिसत होता तो बराचसा वेळेचा फरक होता.

नावाजलेल्या प्रकल्पांतही असे घडते. माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. नमुने ऊतीपेक्षा प्रजातीनुसार जुळतात, असा तिचा निष्कर्ष होता. 2015 मध्ये ओर्ना मिझराही-मान आणि योआव गिलाड यांनी दाखवले, की दोन्ही प्रजातींचे नमुने बहुतांशी वेगवेगळ्या खेपांत सीक्वेन्स झाले होते. खेपेचा परिणाम वजा करताच नमुने ऊतीनुसार जुळू लागले.

म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी प्रत्येक नमुन्याची नोंद करा: वाण, वय, अवयव, तोडणीची वेळ, प्रयोगशाळा, सीक्वेन्सिंगची खेप. ताणाचे सगळे नमुने एका खेपेत आणि तुलनेचे सगळे दुसरीत असतील, तर खेपेचा परिणाम वजा करणारी ‘कॉम्बॅट’सारखी दुरुस्तीही त्यांतला गुंता सोडवू शकत नाही, तो संच बाजूला ठेवा. उरलेले संच कच्च्या डेटापासून एकाच पद्धतीने, एकाच संदर्भ जीनोमवर मोजा. ताण आणि तुलना यांतला फरक प्रत्येक संचात स्वतंत्र काढा, मग ते फरक एकत्र करा. नमुन्यांमधले मुख्य फरक दाखवणाऱ्या पीसीए आलेखात प्रयोगशाळेनुसार रंग भरून पाहा. रंगांचे वेगळे पुंजके दिसले तर थांबा. एक संच अखेरपर्यंत राखून ठेवा आणि सापडलेला गट तिथे टिकतो का, ते तपासा.

एवढे करूनही, दोन जनुके सोबत वाढतात म्हणजे एक दुसऱ्याला चालवते असे नाही. ते ठरवायला जनुक बंद करून पाहावे लागते, नियंत्रक प्रथिन डीएनएवर कुठे बसते हे शोधावे लागते. या कामात कुणा विद्यार्थ्याची वर्षे जातात. कोणत्या जनुकामागे लागायचे हे त्याला आपला जोडलेला डेटा सांगणार असतो, म्हणून ती जोडणी चोख हवी.