संदर्भसूचीत शिरलेले मासे

प्री-सबमिशनच्या दिवशी समितीतल्या एका मॅडमनी माझ्या प्रबंधाची शेवटची पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "कोकणा बोलीच्या अभ्यासात हे प्राणिप्लवक कुठून आले?" मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा प्रबंध त्यांच्या हाती गेला. पण तो माझाच होता. इंग्रजी संदर्भसूचीत, अगदी वर्णानुक्रमाने, हरसूल तलावाच्या पाण्यावरचा एक शोधनिबंध ऐटीत बसला होता. चार नोंदी सोडून त्याच तलावातल्या माशांवरचा दुसरा.

हरसूल तलाव छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथलं कारागृहही हरसूलच्याच नावाने ओळखलं जातं. मी शिकवते ते हरसूल नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. गिरणारे सोडलं, वाघेऱ्याचा घाट चढला की पुढे गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. दोन्ही हरसुलांत दोनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर. डेटाबेसला ते कसं कळावं? मी 'हरसूल' टाकलं, त्याने हरसूल दिलं.

खोलीत हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "ही नोंद तुम्ही वाचलेली नाही, हे दिसतंच आहे. बाकीच्या किती वाचल्यात?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आमच्या कॉलेजातली दोन-तीन मुलं पीएचडीला नाव घालून बसली आहेत आणि भेटली की विचारतात, "मॅडम, झोटेरोत एका क्लिकमध्ये सगळे संदर्भ येतात ना?" येतात. संदर्भ सांभाळणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये मासेसुद्धा येतात. ते कसे येतात, हे सांगायला माझ्याइतकी लायक बाई तालुक्यात दुसरी नसावी.

सुरुवात पावसाळ्यात झाली. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही पाहुण्यासारखी येतात. म्हणून सुट्टी काढून मी पुण्याला एका मोठ्या ग्रंथालयात चार दिवस बसले. तिथे सशुल्क डेटाबेस उघडत होते. कॉलेजला इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचा पासवर्ड असतो, पण तो वापरायला आधी नेट हवं. चार दिवसांत होईल तेवढं ओरबाडून न्यायचं, असा माझा हिशेब. बाजाराच्या दिवशी पिशवी गच्च भरतो तसा.

शोधशब्दांनी पहिला घोळ घातला. 'कोकणा' हा शब्द रोमन लिपीत किमान चार तऱ्हांनी लिहिला जातो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतच कोकणा, कोकणी, कुकणा ही तीन रूपं एका नोंदीत आहेत; पलीकडे गुजरातेत कुंकणा. यातलं 'कोकणी' टाकलं की गोव्याची कोंकणी भाषा, तिचा लिपीवाद, कोकणी मुसलमान, सगळे रांगेने हजर. मी निकालांच्या पानावर 'सगळे निवडा' या चौकोनात टिचकी मारत गेले आणि एक्स्पोर्ट करत गेले. एकही शीर्षक धड वाचलं नाही. घरी गेल्यावर निवडू, म्हटलं. घरी गेल्यावर कुणी निवडत नाही. तांदूळसुद्धा दुकानात बघून घ्यायचे असतात.

एक्स्पोर्ट केल्यावर हाती येते ती बहुतेक वेळा आरआयएस नावाची साधी मजकुराची फाइल. रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा बघाच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण असते: 'टीवाय' म्हणजे नोंद कसली आहे, लेख की पुस्तक; 'एयू' म्हणजे लेखक; 'टीआय' शीर्षक; 'पीवाय' साल; आणि 'ईआर' आलं की नोंद संपली. दोन लेखक असतील तर 'एयू'च्या दोन ओळी हव्यात. काही ठिकाणांहून सगळे लेखक एकाच ओळीत अर्धविरामांनी जोडून येतात आणि सॉफ्टवेअर त्यांना एकच माणूस समजतं. हे समजायला मला दोन वर्षं लागली. खरं तर पाच मिनिटांचं काम आहे.

तर माझ्याकडे अशा तेवीस छोट्या फाइली झाल्या. मी हुशारी केली. सगळ्यांमधला मजकूर कॉपी करून एकाच नोटपॅड फाइलीत चिकटवला, म्हणजे पेन ड्राइव्हवर एकच फाइल न्यायची. सेव्ह करताना समोर एक चौकट आली: या फाइलीत युनिकोड अक्षरं आहेत, अशीच सेव्ह केलीत तर ती जातील. घाई होती, शिवाजीनगरहून नाशिकची एसटी गाठायची होती. 'ओके' दाबलं.

हरसूलला येऊन फाइल उघडली तर इंग्रजी नोंदी ठणठणीत, आणि मराठी पुस्तकांच्या जागी प्रश्नचिन्हं. शीर्षक प्रश्नचिन्हं, लेखक प्रश्नचिन्हं, प्रकाशक प्रश्नचिन्हं. साल तेवढं शिल्लक. जुन्या नोटपॅडची ठरलेली पद्धत एएनएसआयची होती आणि त्या सांकेतिक पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. विंडोज 10च्या 2019मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-8मध्ये सेव्ह करतं. पण ग्रामीण कॉलेजांच्या संगणक कक्षांत कोणत्या काळातली यंत्रं चालू असतात, हे मी सांगायला नको. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही. आतलं अक्षर पुसलंच गेलेलं असतं, फाँट बदलून ते दिसत नाही. मूळ तेवीस फाइली मी पुण्याच्या यंत्रावरून शिस्तीने पुसून आले होते.

म्हणून, डेटाबेसने दिलेली फाइल आहे तशी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिच्या नावात तारीख आणि शोधशब्द लिहा, आणि तिला पुन्हा हात लावू नका. जोडाजोड, काटछाट, काय करायचं ते झोटेरोत आणल्यावर. एक्सेलमध्ये तर नकोच. तिथे सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना देवनागरीची हीच गत होऊ शकते. शंभर नोंदी आणण्याआधी दोन आणून बघा, त्यातली एक मराठी असू द्या.

मराठी नोंदींचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. शोधगंगेवर आपल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत आणि आमच्यासारख्यांना तो मोठाच आधार आहे. पण तिथला प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींत असतो. त्या फाइली झोटेरोत ओढून टाकल्या की ते स्वतःहून माहिती शोधायला जातं आणि हात हलवत परत येतं, कारण काही पानं स्कॅन केलेली, तर काही जुन्या फाँटांत टाइप केलेली. कृतिदेव किंवा श्रीलिपीतलं शीर्षक कॉपी करून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते. अशा वेळी फाइलीला विचारू नका. शोधगंगेच्या त्या प्रबंधाच्या मुख्य पानावरून नोंद घ्या, प्रकार 'प्रबंध' असा आहे ना ते बघा, विद्यापीठ आणि साल तपासा. संशोधकाच्या जागी मार्गदर्शक बसलेला नाही ना, हेही.

मराठी पुस्तकाला सहसा डीओआय नसतो. आयएसबीएन टाकून झोटेरोतली ती जादूची कांडी फिरवली तर कधी पुस्तक सापडतं, पुष्कळदा नाही. माझ्या विषयात तर पुस्तकाचा 'प्रकार' ठरवणंच कठीण. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड घ्या. मालिकेचे मुख्य संपादक गणेश देवी, खंडाचे संपादक अरुण जाखडे, आणि आत प्रत्येक बोलीवरचा लेख वेगळ्या माणसाचा. कुठूनही नोंद खेचलीत तर बहुधा 'पुस्तक' म्हणून येईल आणि ज्याने बोलीवर लिहिलं त्याचं नावच सूचीतून गळेल. तिथे हाताने 'पुस्तकातील प्रकरण' असा प्रकार निवडून तिघांनाही आपापल्या जागी बसवावं लागतं. ग्रिअर्सनचंही तेच. भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905चा. माझ्याकडे तो आला 1968च्या साली, कारण डेटाबेसने दिल्लीचं पुनर्मुद्रण उचललं होतं. समितीसमोर मी सहज म्हणून गेले असते की ग्रिअर्सन साठच्या दशकात लिहितो. ते 1941 साली वारले.

गूगल स्कॉलरबद्दलही थोडं. सगळ्यांची सुरुवात तिथेच होते, माझीही झाली. शोधायला ते उत्तम. नोंद उचलायला मात्र तिथून एक पाऊल पुढे जा: लेखाच्या दुव्यावर टिचकी मारून नियतकालिकाच्या किंवा जेस्टोरच्या मूळ पानावर पोचा आणि तिथून झोटेरोचं बटण दाबा. स्कॉलरच्या नोंदीत कधीकधी पृष्ठक्रमांक गायब असतात, लेखक जास्त असले की पुढच्यांचे 'आणि इतर' होतात. एकगठ्ठा उचलायला गेलात तर थोड्या वेळाने ते तुम्हाला यंत्रमानव समजून चित्रांतले रस्त्यावरचे सिग्नल ओळखायला लावतं.

आता मासे. तो घोटाळा सगळ्यात शेवटी झाला आणि त्याचं मूळही पेन ड्राइव्हमध्येच होतं. कॉलेजच्या संगणकावर मी तीन प्रकरणं लिहिली होती, वर्डमध्ये झोटेरोच्या पट्टीतून संदर्भ घालत. पुढे लॅपटॉप घेतला आणि संग्रह नव्या यंत्रावर न्यायचा म्हणून आरआयएसमध्ये एक्स्पोर्ट करून तिकडे इम्पोर्ट केला. नोंदी सगळ्या आल्या. पण झोटेरोच्या लेखी त्या नव्या जन्मल्या होत्या. वर्डमधल्या जुन्या संदर्भांचा त्यांच्याशी काही संबंध उरला नाही. चौथ्या प्रकरणात तोच ग्रंथ पुन्हा उद्धृत केला की सूचीत तो दोनदा दिसे, एकदा '2013ए', एकदा '2013बी'. एका लेखकाच्या एकाच पुस्तकापुढे अशी अक्षरं दिसली तर समजा, झोटेरोच्या लेखी ती जुळी पोरं आहेत. दोन्ही तुमच्या संग्रहात असतील तर त्यातलं एक डिलीट करू नका; झोटेरोत 'डुप्लिकेट' म्हणून वेगळा कप्पा असतो, तिथे दोन्ही निवडून एकत्र करा, म्हणजे वर्डशी असलेलं नातं टिकतं. अर्थात, एक नोंद देवनागरीत आणि दुसरी रोमनमध्ये असेल तर यंत्राला ती भावंडं वाटतच नाहीत. ती आपणच शोधायची.

आणि संग्रह एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा तर आरआयएस नको. खातं उघडून सिंक करा किंवा झोटेरोचा पूर्ण डेटा फोल्डर उचलून न्या. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. फुकटची 300 एमबी जागा फक्त जोडलेल्या पीडीएफना लागते, ते सिंक बंद ठेवता येतं. रात्री अकरानंतर आमच्याकडे नेटवर्क बरं असतं, तेवढ्यात भागतं.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सादरीकरणाला आठ दिवस उरलेले, सूचीत जुळ्यांचा सुळसुळाट. वैतागून मी वर्डमधली सूची उडवली आणि झोटेरोतल्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'या संग्रहाची सूची तयार करा' म्हटलं. सुरेख सूची झाली, एकही जुळं नाही. पण वर्डची पट्टी तुम्ही मजकुरात वापरलेलेच संदर्भ सूचीत आणते, तर फोल्डरवरून केलेली सूची फोल्डरमध्ये असेल ते सगळं आणते. आणि माझ्या फोल्डरमध्ये चार दिवसांचं ओरबाडलेलं सगळं पुणं होतं. गोव्याचा लिपीवाद, हरसूलचा तलाव, तलावातले मासे.

दुरुस्तीला दोन महिने गेले. पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी मला दोन फोल्डर करायला लावले: 'आलेले' आणि 'वाचलेले'. नवी नोंद आधी 'आलेले'त पडते. मूळ पान समोर ठेवून लेखक, साल, प्रकार, पृष्ठं ताडून पाहिली आणि निदान एक ओळीची टीप लिहिली, की मगच ती पलीकडे जाते. दिवसाला दहा-बाराच व्हायच्या. मला आधी ते कारकुनी वाटलं. पण त्या एक ओळीच्या टिपांतूनच माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा अर्धा युक्तिवाद उभा राहिला, हे कबूल करते.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी आणखी एक हिशेब आधीच धरावा. आपल्याकडे मराठी आणि इंग्रजी सूच्या वेगळ्या लागतात. झोटेरो वर्डमध्ये एकच सलग सूची देतं. मराठी पुस्तकाच्या संदर्भातही 'व इतर'च्या जागी 'एट अल.' डोकावतं. हे शेवटी हातानेच निस्तरायचं. त्यासाठी फाइलीची प्रत काढा, त्या प्रतीत संदर्भांचा दुवा तोडा आणि मग खुशाल कापा-चिकटवा. मूळ फाइलीत दुवा तोडलात तर पुढची दुरुस्ती टंकलेखन यंत्राच्या काळातली होईल.

'वाचलेले'त शेवटी 94 नोंदी उरल्या. आधी तीनशेच्या वर होत्या.

त्यांतली शेवटची नोंद कुठल्याच डेटाबेसातून आली नाही. नागली लावणीच्या दिवसांत जिच्या पडवीत बसून मी कणसरी या धान्यदेवीची गाणी ऐकली, त्या आजीची मुलाखत. तिच्या परवानगीने प्रबंधात तिचं खरं नाव द्यायचं ठरलं होतं. झोटेरोत 'मुलाखत' असा प्रकार आहे, तो निवडला. आडनावाचा रकाना समोर आला. आजीला विचारायला गेले तर म्हणाली, "आडनाव शाळंत लागतं. मी कुठं शाळंत गेले?" रकान्याशेजारी एक बारीकसं बटण असतं, ते दाबलं की नाव आणि आडनाव हे दोन रकाने मिटून एकच होतो. मी ते दाबलं, तिचं नुसतं नाव लिहिलं, आणि वर्णानुक्रमाने ती ग्रिअर्सनच्या कितीतरी आधी येऊन बसली.