गाडीत कोणता अग्निशामक ठेवावा?

प्रश्न : आमच्याकडे पाच माणसांची सीएनजी गाडी आहे. गाडीत अग्निशामक ठेवायचा विचार आहे. दुकानदाराने अर्ध्या लिटरचा स्प्रे, एक किलोची पावडरची बाटली आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असे तीन प्रकार दाखवले. यांतला कोणता घ्यावा? तो डिकीत ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पावडरचाच घ्या, आणि जागा असेल तर एकऐवजी दोन किलोचा. डिकीत मात्र अजिबात ठेवू नका.

गाडीला आग लागते तेव्हा एकाच वेळी बरंच काही पेटतं. वायरिंगचं प्लास्टिक, सीटचा फोम आणि रबर हे घन पदार्थ म्हणजे ए वर्ग. पेट्रोल आणि ऑइल बी वर्गात, तुमचा सीएनजी सी वर्गात. या तिन्हींवर चालणारी म्हणून ती एबीसी पावडर. तिच्यातला मुख्य घटक मोनोअमोनियम फॉस्फेट. ही पावडर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे शॉर्ट सर्किटच्या आगीवरही ती मारता येते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर स्वच्छ खरा, पण तो जड असतो, उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो आणि बंद गाडीत त्याने माणूसच गुदमरू शकतो. दिवाणखान्यातल्या स्विचबोर्डसाठी तो ठीक, हायवेवर नाही. स्प्रेचा डबा हाताळायला सोपा, पण बॉनेटखालच्या आगीला तो पुरत नाही.

एक किलोची बाटली दाबल्यावर जेमतेम आठ-दहा सेकंद चालते. घाबरलेल्या माणसाचे त्यातले दोन-तीन सेकंद नेम धरण्यातच जातात. म्हणून माझा आग्रह दोन किलोचा आहे. बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस 15683 हा क्रमांक बघा. ए आणि बी या अक्षरांशेजारचे आकडेही वाचा. आकडा मोठा, तितकी मोठी आग ती बाटली विझवू शकते. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिनला प्लास्टिकचं सील शाबूत हवं. तापमानाची मर्यादाही बाटलीवर छापलेली असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड भयंकर तापतो, म्हणून बाटली काचेखाली ठेवायची नाही.

आता जागेचं. तुमच्या गाडीत गॅसचा सिलिंडर बहुधा डिकीतच असेल. मागे आग लागली तर तिथला अग्निशामक हाती कसा येणार? शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली धातूच्या पट्टीने तो घट्ट बसवा, चालकाचा हात पोचेल असा. नुसता सीटखाली सरकवून ठेवलेला अग्निशामक मी अनेक गाड्यांत पाहतो आणि काळजाचा ठोका चुकतो. जोरात ब्रेक लागला की तो घरंगळत पुढे येतो आणि पेडलखाली अडकू शकतो. म्हणजे आगीच्या आधी अपघात.

धूर दिसला की गाडी बाजूला घ्या, इग्निशन बंद करा आणि आधी सगळ्यांना उतरवा. मुलं-म्हातारी माणसं लांब, रस्त्याच्या कडेला. बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. आतली कळ ओढल्यावर पडते तेवढ्या फटीतूनच, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या बुडाशी पावडर मारा. वरच्या ज्वाळेवर मारलेली पावडर वाया जाते. पावडर आग दाबते, पण तापलेलं लोखंड थंड करत नाही, त्यामुळे विझलेली आग पुन्हा पेटू शकते. आग गॅस सिलिंडरपर्यंत पोचली असेल तर अग्निशामक खाली ठेवा आणि पळा. सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरलेला असतो. तो तुमच्या-माझ्या हातातल्या बाटलीचा विषय नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचंही तेच. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. अशा वेळी लहान बाटली काय करणार, असं कुणी म्हणेल. मोठ्या आगीसाठी ती नाहीच. ती आहे पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी, आग वायरिंगच्या एका तुकड्यावर असते तेव्हासाठी, किंवा अडकलेल्या माणसाला बाहेर काढेपर्यंत वाट मोकळी ठेवण्यासाठी.

गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी दबून बसते. महिन्यातून एकदा बाटली उलटी-सुलटी करून हलवा आणि काटा बघा. एकदा थोडीशी जरी वापरली, तरी ती पुन्हा भरून घ्यायलाच हवी. झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो. आणि आग विझली असं वाटलं तरी 101 किंवा 112 वर फोन कराच.