टॅपेट वाजलेलं बरं

महाड ते नाते रस्त्यावर गाडीचं दुखणं लपून राहतं. ते उघडं पडतं पुढे पाचाडकडे जाताना, कोंझरच्या चढाला. माझी 100 सीसीची गाडी मागे माणूस असला तरी तिथे तिसऱ्या गिअरवर चढायची. एका सर्व्हिसिंगनंतर ती दुसऱ्यावरच दमायला लागली. सिग्नलला, फाटकाला आयडलिंग टिकेना, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटफट करायचा, आणि किक तर पोकळ लागायची. इंजिनाचा आवाज मात्र सुरेख, अगदी मऊ. गॅरेजात टॅपेटची टकटक घालवून दिली होती आणि आपल्याकडे टकटक गेली म्हणजे काम चोख झालं, असंच धरून चालतात.

ती टकटक ज्या फटीमुळे होते, ती फट लागतेच. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली ही जागा वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीच्या आसपासची. इंजिन तापलं की दांडा लांबतो, त्याला वाव हवा. वावच ठेवला नाही, तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. कॉम्प्रेशन निसटतं, म्हणून चढाला दम नाही. त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते. माझा तसाच जळाला. तोवर प्लग बदलून झाला होता, कार्बोरेटरचा स्क्रू कितीदा तरी पिळून झाला होता. शेवटी हेड उतरवलं, व्हॉल्व्ह नवा घातला, सीट घासून बसवली. या खर्चात टॅपेट सेटिंग कैक वेळा झालं असतं.

सैल टॅपेटही चांगलं नव्हे. व्हॉल्व्ह कमी उघडतो, ठोके बसून रॉकर झिजतो. पण ते निदान ओरडून सांगतं. घट्ट टॅपेट गप्प असतं, आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला की फट आपोआपही कमी होते. म्हणून जुनी गाडी काही न करता शांत झाली, तर मला तरी धास्तीच वाटते.

सेटिंग गार इंजिनावरच करून घ्या. शक्यतो गाडी रात्रभर गॅरेजात ठेवा. मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळली, तरी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का ते बघायला सांगा. हलत नसतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला नाही, मॅग्नेट आणखी एक फेरा फिरवावा लागेल. माप आपल्या मॉडेलच्या पुस्तकातलं घ्या. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टचं इनटेकपेक्षा जास्त असतं. फिलर गेजची पट्टी थोडी अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर ती पुन्हा घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू हमखास फिरतो. 'कानाने करतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी गोड बोलून टाळतो.

फट बरोबर लावूनही किक पोकळच लागत असेल, तर पुन्हा पुन्हा स्क्रू पिळू नका. कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी भरलं, तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा बेत हेड उघडून होईपर्यंत पुढे ढकला.